कड्यावरची हाळी

पिंपळे गुरव, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

ती. वैजयंती आत्यास,
ऋषीचा सा. न. वि. वि.

रागावण्यासारखी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तरी शांतपणे वाचशील. परवा रविवारी मी तुझ्या डोक्यावर उभा होतो. वरच्या वाडीच्या कड्यावरून तुझ्या गोठ्याचे निळे पत्रे स्पष्ट दिसत होते, आणि मी तुला न भेटता परत गेलो. झालं, सांगितलं.

आता सविस्तर. डोंगरात जायला स्वतःची गाडी लागत नाही, एसटी असते, असं मी ऑफिसात वर्षभर सगळ्यांचं डोकं खात होतो. शेवटी कंटाळून डझनभर लोक तयार झाले. पहाटे वाकडेवाडीहून भीमाशंकरची गाडी पकडली, डिंभ्याला उतरलो, तिथून दुसऱ्या गाडीने पायथ्याला. बेत असा होता की आंबेगावच्या बाजूने चढायचं, जंगलातून कडा गाठायचा, तुझ्याकडे उतरायचं आणि दुपारच्या गाडीने जुन्नर. तुला न कळवता एवढी माणसं पिठलं-भाकरीला आणणार होतो, त्यामुळे तू वाचलीस असंच म्हणायचं.

जंगल काय सुंदर झालंय आत्या! हिरड्याच्या झाडावर शेकरू दिसलं. बिबट्या दिसला नाही, पण त्याच्या भीतीने आमच्यातले दोघं दिवसभर रांगेच्या मधोमध चालले. आमच्या टीमच्या प्रमुख उज्ज्वला मॅडम नवेकोरे बूट घालून आल्या होत्या. कड्यावर पोचेपर्यंत त्यांच्या टाचा सोलून निघाल्या, आणि तुमच्याकडची उतरण बघून त्यांनी बसकणच मारली. मग आल्या वाटेनेच सगळे परत फिरलो.

पण निघण्याआधी सगळ्यांना हाळी ऐकवली. बाबांची, ती लांबवत नेऊन शेवटी वर उचलायची. बाकीच्यांची घशातच राहिली, माझी मात्र सगळ्या खोऱ्यात घुमली. एकाने त्याचं रील केलं, आता लोक ऑफिसच्या जिन्यात मला हाळी देतात. तुला ऐकू गेली का गं?

आई बरी आहे. तुझ्या पत्रांची ती माझ्याइतकीच वाट बघते. फोन करावा तर तुमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या कट्ट्यावर, आणि तिथे बोलायचं म्हणजे गावाला ऐकवायचं. बाबा लिहायचे तसं लिहायची सवय त्यामुळे मलाही लागली. उत्तर लवकर पाठव आणि रागाला जागा कमी ठेव.

तुझा,
ऋषी


खालची वाडी, ता. जुन्नर
२५ नोव्हेंबर २०२५

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भात काढून झालं. यंदा दाणा बरा आहे, पेंढा भिजला. मांजर पुन्हा व्याली, आणि तिने तुझ्या ट्रंकेतच संसार मांडलाय. माझ्या वृषालीचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात चौदा तारखेला ठरलंय. बोरी बुद्रुकहून तिच्या सासूबाई स्वतः बोलवायला येऊन गेल्या. मी आदल्या दिवशीच जाईन. तुझी आई येणार असेल तर माझ्यासाठी बाकी काही आणू नको म्हणावं, फक्त डोळ्यांचे थेंब आण.

हाळी ऐकू आली. चांगली ऐकू आली.

तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण पुण्यात माणसाला विसर पडतो. वरच्या वाडीला गाडी जात नाही. तिथून कुणी गाडीसाठी निघालं की कड्यावरून हाळी देतं. दादाभाऊ ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवतो, म्हणजे ऐकली. मग माणूस उतरून येईपर्यंत गाडी हलत नाही. आमच्याकडे फोन चालत नाही, हाळी चालते.

त्या रविवारी फाट्यावर निम्मं गाव जमलं होतं. आपल्या शेजारच्या संपतची तेजस्विनी आठवते ना? नर्सिंगचं शिकून दोन वर्षं घरी अभ्यास करत होती. सरकारी भरतीची परीक्षा सोमवारी सकाळी होती आणि केंद्र आलं होतं नांदेडला. आळेफाट्यावरून संध्याकाळी जाणाऱ्या गाडीत तिचं आणि संपतचं आरक्षण होतं. कुणी तिच्या हातावर दही घातलं, कुणी औक्षण केलं, मी दशम्या बांधून दिल्या. दादाभाऊने गाडी चालू केली आणि वरून हाळी आली.

गाडी थांबली. फार थांबली. कड्यावरून कुणी आलं नाही.

आळेफाट्याची गाडी चुकली. नगरपर्यंत ती दोघं भाजीच्या टेम्पोतून गेली, पुढे मिळेल त्या गाडीत उभ्याने. नांदेडला पोचली तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. नियम तो नियम, त्यात कुणाला दोष द्यायचा? पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही. तेजस्विनी परत आली आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर भात झोडायला गेली.

गावात त्या हाळीबद्दल कुणी काही बोलत नाही. मीही तुला काही विचारत नाही. तू पत्रात लिहिलंस, म्हणून मी लिहिलं.

थंडी वाढली आहे, कानाला बांधत जा.

तुझी आत्या,
वैजयंती


पिंपळे गुरव, पुणे
१ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसला जाताना उघडलं आणि ऑफिसला गेलोच नाही. चार वेळा उत्तर लिहायला बसलो, चारही वेळा फाडलं. हे पाचवं आहे, आणि हेही बरं नाही.

आत्या, मला खरंच माहीत नव्हतं गं. रविवारी दुपारची गाडी बंद झाली असं वृषालीच म्हणाली होती, का मीच तसं समजून चाललो, कोण जाणे. पण एक सांग, इतका वेळ गाडी थांबते का? कुणी येत नाही असं दिसल्यावर दादाभाऊंनी निघायला नको होतं का? परीक्षेला जाणारी मुलगी गाडीत बसलेली, आणि एका हाळीसाठी तिला थांबवून ठेवायचं? मी स्वतःची बाजू मांडत नाही. म्हणजे मांडतोच आहे, हे लिहिताना माझं मलाच दिसतंय.

तेजस्विनीसाठी काही करता येईल का? इथल्या एका दवाखान्यात ओळख आहे, तिथे शब्द टाकू शकतो. अभ्यासाला पुस्तकं लागत असतील तर पाठवतो. माझं नाव न सांगता तू दिलीस तरी चालेल. किंबहुना तसंच कर.

आणि एक विनंती आहे, करायची लाज वाटते, तरी करतो. ती हाळी कुणाची होती हे गावात सांगू नकोस. संपतभाऊंनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. त्यांना कळलं तर मी तिकडे कोणत्या तोंडाने येऊ? ट्रेकवाली पोरं होती कुणीतरी, एवढंच राहू दे. ते काही खोटंही नाही.

रील काढून टाकायला लावलं. जिन्यातल्या हाळ्या मात्र चालूच आहेत, मी आता लिफ्टने जातो.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ऋषी


खालची वाडी
८ डिसेंबर २०२५

चि. ऋषीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दादाभाऊने निघायला नको होतं का, असं विचारलंस. तो निघाला होता. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, माझीही जीभ अडली. आता लिहिते.

बराच वेळ झाला तेव्हा दादाभाऊ म्हणाला, लई झालं, आता कुणी येत न्हाई, डोंगर फिरायला आलेली टवाळ पोरं असतील. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले. हात पसरून, भर रस्त्यात, या वयात. म्हटलं, आवाज मी ओळखते, माझ्या अण्णाच्या पोराचा आहे. आमच्या घरातून खोटी हाळी कधी गेली नाही. त्याने दिली म्हणजे तो येतोय.

खरं सांगू? तो आवाज ऐकून आधी मला अण्णाच वाटला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली हे माहीत असून वाटला. नंतर तू आठवलास, आणि इतका आनंद झाला की मी संपतला म्हटलं, बघ, पोरगं न सांगता आलं. संपतही हसला, म्हणाला थांबूया, आपलंच पोरगं हाय. गाडीत बसलेल्या तेजस्विनीने मान डोलावली.

म्हणजे ऋषी, गावात सांगू नकोस असं तू लिहितोस, ते मी हाळीनंतर घटकाभरात सगळ्या गावासमोर ओरडून सांगितलं होतं. गाडी माझ्या शब्दावर थांबली होती.

पुढचंही ऐक. हाळी देऊन माणूस आला नाही म्हणजे तो पडला, असंच आम्ही धरतो. उशिरा का होईना गाडी गेली, आणि पाठीमागे राहिलेली माणसं तुला शोधायला कड्याकडे निघाली. कारवीत शिरून तुझ्या नावाने हाका मारत होती. रात्र झाली तरी तू सापडेनास, तेव्हा मी शाळेमागच्या कट्ट्यावर जाऊन तुझ्या आईला फोन लावला. ती म्हणाली, ऋषी आत्ताच आला, चहा घेतोय. मी म्हटलं सहज केला होता. मग कट्ट्यावरून खाली येऊन, कड्याकडे गेलेल्यांना परत बोलवायला माणूस पाठवावा लागला. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडावर दिसलं असेल. तेव्हापासून पाण्याला जाताना मी मान वर करत नाही.

आता दादाभाऊ हाळीला थांबत नाही. परवा वरच्या वाडीच्या लंकाबाईंनी हाळी दिली, त्याने हॉर्नच वाजवला नाही. गुडघे धरून म्हातारी फाट्यावर आली तर गाडी गेलेली. मी त्याला काय बोलणार? आता त्या सकाळीच उतरतात आणि दुपारपर्यंत फाट्यावर बसून राहतात.

पुस्तकं पाठवू नकोस, ती तिच्याकडे आहेत. ओळखीचा शब्दही नको.

मला एकच कळव. त्या दिवशी दादाभाऊने हॉर्न वाजवला होता, एकदा नाही, दोनदा. कड्यावर वारा असतो, तुम्ही गोंगाटात असाल. तुला तो ऐकू आला नव्हता ना? एवढंच लिही, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल.

तुझी आत्या,
वैजयंती


पिंपळे गुरव, पुणे
१५ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हॉर्न ऐकला होता. दोन्ही वेळा.

पहिल्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खालून कुणीतरी गंमत म्हणून उत्तर दिलं. मला माहीत होतं की गाडी थांबली. दुसरा हॉर्न आला तेव्हा आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो. नुसतं म्हणायचं होतं की मंडळी, माझी चूक झाली, गाडी माझ्यासाठी थांबली आहे, मी पळत खाली जाऊन सांगून येतो. एवढंच. पण उज्ज्वला मॅडम म्हणत होत्या, ऋषी, तुमचं गाव किती छान आहे, किती साधं. आणि मला वाटलं, आता हे सांगितलं तर साधं नाही राहणार, हसू होईल. गाडी हाळीवर चालते, हे कुणाला सांगायचं? मी गप्प चालत राहिलो. थोड्या वेळाने गाडी निघून जाईल, असं मनाशी म्हटलं. मागच्या पत्रात माहीत नव्हतं, गाडी बंद झाली असं वाटलं, असं लिहिलं, ते खोटं होतं.

काल मी तुमच्याकडे जाऊन आलो. तू बोरी बुद्रुकला असणार हे माहीत होतं, म्हणूनच तो दिवस धरला. तू असतीस तर मी तुझ्या पदराआड उभा राहिलो असतो, आणि तुला पुन्हा एकदा माझ्यासाठी सगळ्यांपुढे उभं राहावं लागलं असतं.

दुपारच्या गाडीच्या वेळी फाट्यावर सगळे असतात, तिथेच गेलो. लंकाबाई पारावर बसल्या होत्या. दादाभाऊ, संपतभाऊ, तेजस्विनी, सगळे होते. मी सांगितलं. हाळी माझी होती, मी गंमत म्हणून दिली, हॉर्न ऐकला आणि तरी आलो नाही. आत्याचा यात काही दोष नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवला एवढंच. पाठ करून गेलो होतो, तरी मध्येच चुकलो आणि परत पहिल्यापासून सांगितलं.

मला वाटलं होतं संपतभाऊ कॉलर धरतील. मनातून तेच हवं होतं. त्यांनी पारावरची धूळ पंच्याने झटकली आणि म्हणाले, बसा पावणं. घरून चहा मागवला. म्हणाले, जाऊ द्या, तुमाला काय म्हाईत आमचं, शहरात ऱ्हाता तुमी. दादाभाऊंनी, पावण्यांना खिडकीची जागा द्या, म्हणून गाडीत कुणाला तरी उठवलं. एक शब्द वाकडा नाही आत्या. सगळे मला अहो-जाहो करत होते. संपतभाऊसुद्धा.

त्या दिवसाबद्दल तेजस्विनी तेवढी बोलली. ती म्हणाली, त्या दिवशी कुणी येईना तेव्हा मला वाटलं, माणसाचा पाय मुरगळला असणार. म्हणून पिशवीतलं क्रेप बँडेज वर काढून ठेवलं व्हतं. एवढं बोलून ती हंडा उचलून निघून गेली.

दादाभाऊंना हात जोडून विनंती केली की माझ्यामुळे लंकाबाईंसारख्यांची हाळी बंद करू नका. ते बघू म्हणाले. लंकाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग विचारलं, कुनाचा रं तू? मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी हात काढून घेतला.

चहा प्यायलो. गाडी वेळेवर निघाली. जुन्नरपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, कारण समोर सगळी ओळखीची माणसं होती.

तू रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझा,
ऋषी


खालची वाडी
२२ डिसेंबर २०२५

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद.

बोरी बुद्रुकहून आले तर तुझं पत्र दारात पडलेलं. वृषालीचं सगळं नीट झालं. हिरवी साडी तिला खुलते. तुझी आई दिसली नाही असं तिथे सगळ्यांनी विचारलं. मी सर्दी झाली म्हणून सांगितलं. ती लाजेनेच आली नसणार, म्हणजे तिलाही तू सगळं सांगितलेलं दिसतंय, ते बरं केलंस.

हॉर्नचं वाचून मी दोन दिवस कागद हातात घेतला नाही. राग आला. तुझ्यापेक्षा माझा मला जास्त आला, कारण मी प्रश्न असा विचारला होता की तुला नाही म्हणणं सोपं जावं. तू हो म्हणालास. बाकी काही असो, तेवढं तुझं मी धरून ठेवलं आहे.

दादाभाऊ अजून थांबत नाही. मी रोज फाट्यावर जाऊन त्याला सांगते, तो रोज बघू म्हणतो. लंकाबाईंना मी दुपारी माझ्याकडे जेवायला बसवते, म्हणजे त्यांना नुसतं ताटकळावं लागत नाही. तेजस्विनी पुन्हा पुस्तकं घेऊन बसते असं तिच्या आईने सांगितलं. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते.

संपत मला काल पाण्यावर भेटला. म्हणाला, तुमचं पावणं येऊन गेलं. मी म्हटलं, ऋषी आला होता होय? तो म्हणाला, व्हय, तेच. आणि बादली उचलून गेला.

तुला ते पावणं फार लागलं, हे तू न लिहिताही कळलं. मलाही लागलं. संपतचं तोंड कसलं आहे ते तू लहानपणापासून ऐकलं आहेस. अण्णा दर सुट्टीत आला की संपत त्याला आधी चार शिव्या घालायचा आणि मग मिठी मारायचा. शिव्या तो घरच्या माणसालाच देतो, परक्याला चहा पाजतो. माफी मागितलीस, चहा प्यायलास, आता संपलं असं समजून पुण्यात बसू नकोस. संक्रांतीला ये. त्याच्या दारावरून जा. तो अहो-जाहो करील, पंच्याने जागा झटकील, तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. होऊ दे. शिमग्याला परत ये, भात लावायला ये. संपत तुला आईबापावरून शिव्या देईपर्यंत येत राहा.

मी जेवायला करून ठेवीन.

तुझी आत्या,
वैजयंती